चिमणीशेजारची राखीव जागा

त्या काळात मला कुणी विचारलं असतं, की नूतन, तुझी सवत कोण, तर मी त्याला मुरमाटोल्याच्या वीज प्रकल्पात नेऊन चिमणीच्या बाजूचं एक मोकळं मैदान दाखवलं असतं. तिथे काही म्हणजे काही नव्हतं. पावसाळ्यात तरोट्याचं तण माजायचं, उन्हाळ्यात धूळ उडायची. आणि माझ्या नवऱ्याचा सगळा जीव तिथे अडकलेला होता.

नवरा म्हणजे गोवर्धन बोपचे. समोर मी त्याला अहो म्हणते, पण मनात आणि कागदावर तो गोवर्धनच. आम्ही गोंदियाला, फुलचूरमध्ये राहतो. मी शाळेत गणित शिकवते. तो प्रकल्पाच्या नकाशांचं काम करायचा, म्हणजे बॉयलर कुठे बसेल, पाइप कुठून जातील, कोळसा कुठे उतरेल ते ठरवायचा. प्रकल्प अजून कागदावरच होता तेव्हाची, दोन हजार आठची गोष्ट. पैसा घालणाऱ्या परदेशी मंडळींनी एक अट घातली. कोळसा जळला की राखेशिवाय एक न दिसणारा वायू निघतो आणि त्याने पृथ्वी तापते. तो चिमणीतून बाहेर जाऊ न देता पकडणारी यंत्रं निघाली आहेत. ती आज फार महाग आहेत, म्हणून आज लावू नका. पण पुढे लावायची म्हटली तर प्रकल्प तोडावा लागू नये, अशी सोय आत्ताच करून ठेवा.

दुसऱ्या कुणी ही अट चार ओळींत उरकली असती. आमच्याकडे ती घरात राहायलाच आली. गोवर्धन जेवता जेवता ताटात वरणाने नकाशे काढायचा आणि मला समजावायचा, "पुढे खोली वाढवायची असली की आपण भिंतीत चौकट बसवून ठेवतो आणि तेवढ्यापुरत्या विटा भरून टाकतो ना, तसं." चिमणीकडे जाणाऱ्या धुराच्या मोठ्या नळीला त्याने एक बंद तोंड ठेवलं. यंत्राला वाफ लागेल म्हणून टर्बाइनजवळ जोड ठेवला, पाण्याचा जादा पाइप ठेवला. सगळं बसलं, फक्त यंत्र बसवायची जागा बसेना. ती चिमणीला लागूनच हवी, आणि चिमणीला लागून तर प्रकल्पाची हद्द संपत होती. हद्दीपलीकडे लक्ष्मीचंद पटले यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं होती. लक्ष्मीचंद म्हणजे गोवर्धनचे सख्खे मामा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा रांगता असो नाहीतर मिशीवाला, आणि मामा सत्तरीचा का असेना. आमच्या शाळेत पुण्याहून आलेल्या एका बाईंना मी हे सांगितलं तर त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. उलट झालं, म्हणजे भाच्याने मामाच्या पायाला हात लावला, तर मामाला पाप लागतं. म्हणून पोरांना लहानपणापासूनच मामाच्या पायांपासून लांब ठेवतात. भाच्याने काही मागितलं तर मामाला नाही म्हणता येत नाही. आणि भाच्याला एकदा दिलेलं कुणी परत घेत नाही.

कंपनीच्या माणसांना मामाजींनी अंगणातूनच परत पाठवलं होतं. मग गोवर्धन स्वतः गेला. मीही सोबत होते. मामाजी धोतराचा सोगा सावरत भाच्यापुढे वाकले, पाण्याचा लोटा दिला. गोवर्धनने नकाशा खाटेवर पसरला आणि तासभर बोलत राहिला. वायू, वाढती उष्णता, पावसाचं मागेपुढे होणं, बंद तोंडाची नळी, सगळं. मामाजी ऐकत होते की नुसते बघत होते, मला कळलं नाही. शेवटी गोवर्धन म्हणाला, "मामाजी, हे जागा मले पायजे."

मामींनी, फुलवंताबाईंनी, हातातलं सूप खाली ठेवलं. गावातल्या सगळ्यात चांगल्या बांध्या त्या. तलाव सुटला की पाणी आधी तिथे यायचं.

मामाजींनी मामींकडे पाहिलंच नाही. "भाच्यानं मांगलं," ते म्हणाले. "आता का बोलाचं?"

परतताना जीपमध्ये मी तोंड उघडलं. "जागा कंपनीला पाहिजे होती ना? मग तुम्ही 'मले' काऊन म्हणालात?"

"मलाच पाहिजे आहे, नूतन. कंपनीला काही पडलेली नाही."

हे मात्र अगदी खरं होतं.

कंपनीने मोबदला देऊन जमीन आपल्या नावावर केली, प्रकल्प उभा राहिला, चिमणी सुरू झाली, आणि त्या जागेवर सगळ्यांचा डोळा गेला. आपल्याकडे मोकळी जागा दिसली की माणसाचा हात शिवशिवतो. आधी ठेकेदाराने तिथे लोखंडी पाइप आणून टाकले. गोवर्धनने भांडून ते उचलायला लावले. मग कामगारांच्या सायकली आल्या, त्या हलवल्या. मग साहेब लोकांना बॅडमिंटन खेळायचं होतं. तो दर मीटिंगमध्ये उभा राहून एकच वाक्य म्हणायचा, "ती जागा रिकामी नाही, राखीव आहे." कँटीनमध्ये त्याचं नावच 'राखीव' पडलं होतं. हे मला त्याच्या एका सहकाऱ्याच्या बायकोने भाजीबाजारात गाठून मोठ्या आनंदाने सांगितलं. मी त्या बाईशी पुढे वर्षभर बोलले नाही, आणि घरी आल्यावर नवऱ्याशीही दोन दिवस.

एका पर्यावरण दिनाला तर कहर झाला. कंपनीने तिथे करंज आणि कडुनिंब लावायचं ठरवलं. खड्डे खणून झाले, रोपं आली, फोटो काढणारा आला, आणि हा एका खड्ड्यात जाऊन उभा राहिला. झाडं लावू नका म्हणून! दुपारी घरी आला तो मातीने भरलेला.

"अहो, झाडंच तर होती," मी म्हटलं. "तीही तोच वायू खातात ना?"

"ह्या एका चिमणीला पुरायचं तर चिचगडसारखी कितीतरी जंगलं आणून लावावी लागतील," तो चिडून म्हणाला. "आणि उद्या मशीन आलं, की झाडं तोडायला कोण परवानगी देणार आहे? तू देणार आहेस?"

रोपं कुंपणाच्या कडेला गेली. पण त्या दिवसापासून तो रविवारीसुद्धा प्रकल्पावर जायला लागला. जेवणावरून उठायचा. सुट्टीत आम्ही कचारगडच्या गुहा बघायला गेलो, तिथे अर्ध्या चढावर थांबून ह्याने फोन काढला. रेंज नव्हती. "आज मैदानात कुणी काही टाकलं तर नसेल?" असं मला विचारतो. जसं काही मी तिथे पहाऱ्यावर आहे. ह्या माणसाला एकदा दोरीने खाटेला बांधून ठेवावं, असं मला फार वेळा वाटलं.

दरम्यान परदेशी मंडळी आपला हिस्सा विकून निघून गेली, आणि त्यांची अटही त्यांच्याबरोबर गेली. नव्या मालकांना त्या जागेचं काही सोयरसुतक नव्हतं. वायू पकडायच्या यंत्राचं नाव काढलं की ते घड्याळ बघायचे. गोवर्धनला वाटायचं, आज ना उद्या सरकारच सक्ती करेल. आज ना उद्या यंत्र स्वस्त होईल. तोवर जागा टिकली पाहिजे.

मुरमाटोल्याला जायला मला आवडायचं, पण त्याला नको व्हायचं. मामाजी अंगणातच पाया पडायचे आणि लोटा हातात देता देता विचारायचे, "मशीन कवा येऊन राह्यली?"

"दोन-तीन सालांत, मामाजी."

पुढच्या खेपेला पुन्हा तेच, आणि पुन्हा दोन-तीन साल. मामाजींच्या विचारण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. ते खरंच वाट बघत होते. मामी मला चुलीपाशी हळूच सांगायच्या, "रोज सांजच्याला कुंपनापाशी जाऊन उभे राह्यतेत. आतमंदी कोनी काई करून त नाई राह्यला, पायतेत." म्हणजे त्या एका मैदानाला दोन राखणदार होते, आतून भाचा आणि बाहेरून मामा. जागा भाच्याला दिली आहे, दुसऱ्या कुणाचा पाय तिला लागू नये, एवढंच मामाजींचं म्हणणं होतं. कंपनी नावाचं कुणी मधे आहे, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

मग नवा कायदा आला. घेतलेली जमीन पाच वर्षं वापरली नाही, तर मूळ मालकाला ती परत मिळू शकते, असं त्यात आहे म्हणे. मामाजींचा मुलगा संजू देवरीला खतांचं दुकान चालवतो. त्याने वकील गाठला आणि वडिलांच्या नावाने अर्ज टाकून दिला. सही कशावर घेतली, हे त्याने बापाला धड सांगितलं नसणार. मोबदला परत भरायची तयारीही त्याने केली होती. मला संजूचा राग आला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर गावातलं पहिल्या पाण्याचं शेत तरोट्याने भरत होतं.

कंपनीची मात्र झोप उडाली. दोन हजार सोळाच्या थंडीत, एका संध्याकाळी, जमिनीची कामं बघणारे गुलाबचंदजी पेढ्यांचा डबा घेऊन आमच्या घरी आले. अर्जाच्या पाहणीला सरकारी अधिकारी बाई जागेवरच येणार होत्या.

"बोपचेजी, आप तो सालों से सही बोल रहे थे," ते म्हणाले. "ती जागा रिकामी नाही, राखीव आहे. बस, मॅडम के सामने यही एक बात बोल दीजिए. मी शब्द देतो, चारही बाजूने पक्की भिंत बांधून देऊ, आपके नाप की. कोई एक ईंट नहीं रखेगा वहाँ."

मी गोवर्धनचा चेहरा बघत होते. इतक्या वर्षांत कंपनीतल्या माणसाने पहिल्यांदाच त्याचं वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. गुलाबचंदजी काही वाईट माणूस नव्हते. भिंत त्यांनी खरंच बांधून दिली असती. गोवर्धनने दोन पेढे खाल्ले.

ते गेल्याबरोबर मी डबा उचलून फ्रीजवर आपटला. "मामाजींच्या विरोधात बोलणार तुम्ही?"

"विरोधात कसं? मामाजींनी ती ह्याच कामासाठी दिली. अर्ज संजूचा आहे."

"आणि मशीन कुठे आहे?"

"जागा राहिली तर कधीतरी येईल. जागाच गेली तर कधीच येणार नाही. गणिताची बाई आहेस, एवढं कळतं ना?"

कळत होतं, म्हणून तर जास्त संताप येत होता. मामाजींनी शेत दिलं ते ह्याच्या शब्दावर. तो शब्द पाळायचा तर जागा कंपनीकडे राहायला हवी, आणि ती तिथे राहिली तर म्हाताऱ्याने मरेपर्यंत भिंतीबाहेर उभं राहायचं. कोणत्याही बाजूने गेलं तरी मामाजीच भरडले जात होते. गोवर्धनलाही हे दिसत होतं. तो आठवडा त्याने घरात येरझारा घालून काढला. चहा कपातच निवायचा. मध्येच येऊन मला म्हणायचा, "परदेशात एके ठिकाणी बसवलंय यंत्र, चालू आहे." मी विचारायचे, "आणि आपल्याकडे?" तो पुन्हा चालायला लागायचा.

पाहणीच्या दिवशी मी रजा टाकून गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण माझा माणूस काय बोलतो, ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

मैदानात जुने बांध अजून दिसत होते, चौकोनाला चौकोन लागून. वर चिमणी सुरू होती. मामाजी जमीन दिल्यानंतर पहिल्यांदाच कुंपणाच्या आत आले होते. पहिल्या बांधापाशी त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी पुढे आले. संजू त्यांच्या कोपराला धरून होता.

अधिकारी बाई तरुण होत्या, शांतपणे ऐकणाऱ्या. "ही जागा वापरात आहे का?" त्यांनी विचारलं. गुलाबचंदजींनी गोवर्धनला पुढे केलं.

"ती रिकामी नाही, मॅडम. राखीव आहे." मग त्याने नळीचं बंद तोंड दाखवलं, वाफेचा जोड कुठे आहे ते सांगितलं, यंत्राचा पाया कुठून कुठपर्यंत येईल ते चालून दाखवलं. छान बोलला. त्याला एवढं छान बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि क्षणभर मलाच ते यंत्र तिथे उभं दिसलं.

बाईंनी मान डोलावली. "म्हणजे यंत्र बसणार कधी?"

मामाजी दोन पावलं पुढे सरकले. त्यांनी कानामागे हात धरला.

गोवर्धनने तोंड उघडलं. आता 'दोन-तीन वर्षांत' येणार, हे मला माहीत होतं. पण ते आलं नाही. त्याने एकदा मामाजींच्या त्या कानाकडे पाहिलं.

"ऑर्डर दिलेली नाही," तो म्हणाला. "मंजुरी नाही. कुणी मागितलेलंच नाही. माझी नोकरी संपेपर्यंत ते येणार नाही. त्यानंतरही येईल, असं मला वाटत नाही."

"बोपचेजी!" गुलाबचंदजी ओरडले.

"म्हणजे जागा वापरात नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

बाई मामाजींकडे वळल्या. "लक्ष्मीचंद पटले तुम्हीच ना? अर्ज तुमचा आहे. जमीन परत हवी आहे?"

"अर्ज पोरानं केला," मामाजी म्हणाले. "म्या भाच्याले देलो. भाच्याले देलेलं आमी वापस घेत नाई."

"बाबूजी!" संजू रडकुंडीला आला.

बाई गोंधळल्या. "आजोबा, तुम्ही नको म्हणालात तर ती कंपनीकडेच राहील."

"भाच्याकडं राहील."

"माह्याकडं नाई, मामाजी," गोवर्धन म्हणाला. "कंपनीकडं. माह्याकडं ते कवाच नोती."

मामाजी जागचे हलले नाहीत. मान मात्र हलवत राहिले, नाही, नाही. मग गोवर्धनने जे केलं, ते मी आमच्या लोकांत कुठल्या भाच्याला करताना पाहिलेलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, मामाजींचे अनवाणी पाय दोन्ही हातांनी धरले आणि त्यावर कपाळ टेकवलं.

मामाजी किंचाळलेच. "सोड! पाप देऊन राह्यला का मले? सोड मनतो ना!" ते मागे सरकायला बघत होते, पण ह्याने पाय घट्ट धरले होते. संजू, गुलाबचंदजी, बाईंचा शिपाई, सगळे खिळल्यासारखे उभे.

"भाचा मनून मांगली होती," गोवर्धन खालूनच म्हणाला. "आता मले भाचा नोका समजू. तुमची बांधी तुमी घ्या."

मामाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी हात उगारला, तो तसाच हवेत राहिला. शेवटी ते बाईंना म्हणाले, "लिवा, बाई. घेतो मना. पन आधी याले उठवा."

कागद झाले. गुलाबचंदजी कुणाशी न बोलता गाडीत बसून गेले. गोवर्धनच्या नोकरीचं पुढे काय होणार, ते त्यांच्या पाठीवरून दिसतच होतं. बाईही गेल्या. मामाजी एका बांधावर बसले. गोवर्धन थोड्या अंतरावर बसला, पँटच्या गुडघ्यांना माती तशीच.

मामाजी त्याच्याकडे न बघता बोलले. "येनार नोती, त मांगलास कायले?"

"येईल वाटत होतं."

"कवापर्यंत वाटत होतं?"

"आता बाईनं विचारलं, तवापर्यंत."

मामाजींनी बांधावरचा वाळका तरोटा उपटून बाजूला टाकला. मग मान वर करून चिमणीकडे बघत म्हणाले, "जमीन त मले भेटली. पन तू जे पकडनार होतास, ते आता कोन पकडल?"

म्हणजे खाटेवरच्या त्या तासाभरातलं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"कोनीच नाई, मामाजी."

मामाजी गुडघ्यावर हात देऊन उठले आणि बांध कुठे कुठे फुटले आहेत ते बघत संजूबरोबर चालू लागले. गोवर्धन तिथेच बसून राहिला. त्याचे हात मांडीवर स्वस्थ पडले होते. फोनकडे बघणं नाही, उठून कुठे जायची घाई नाही. इतकी वर्षं मी ह्याच स्वस्थपणासाठी त्याच्याशी भांडले होते, आणि आता तो मला बघवेना. मी जाऊन त्याच्या दंडाला धरून हलवलं.

"अहो, उठा," मी म्हटलं. "मशीनला दुसरीकडे कुठे जागा बसते का, बघू."